नाताळातले मॉर्मन मिशनरी: त्यांचा दिवस कसा जातो आणि त्यांना जेवायला केव्हा बोलवावे

मिनीॲपोलिसच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी भगिनींनी विचारले आहे की, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंधार पडल्यावर कोट-टाय घातलेली, छातीवर काळी नामपट्टी लावलेली, अठरा-एकोणीस वर्षांची दोन मुले त्यांच्या दारात उभी राहिली. घरासमोरचा बर्फ काढून देऊ का, असे त्यांनी विचारले, वीस मिनिटांत काम उरकले आणि चहा पुढे केला तर हसून नको म्हणाली. ही मुले नाताळात घरी जात नाहीत का, त्यांचा दिवस जातो तरी कसा, आणि पंचवीस तारखेला त्यांना जेवायला बोलावले तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी मूळचा पुण्याचा. शिक्षणासाठी अमेरिकेत आल्यावर या चर्चचा सदस्य झालो, १९९९ ते २००१ अशी दोन वर्षे कॅनडातील विनिपेग येथे स्वतः मिशनरी होतो, आणि नंतर बारा वर्षे आमच्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, मिशनऱ्यांची व्यवस्था पाहण्याचे काम केले. त्यांच्या रात्रीच्या जेवणाचे तक्ते लावणे, आजारपणात डॉक्टरकडे नेणे आणि त्यांच्या आयांचे फोन घेणे हे या कामाचे मुख्य भाग. त्या अनुभवावरून थोडक्यात उत्तर असे, की ही मुले घरी जात नाहीत, त्यांचा दिवस नाताळातही बराचसा नेहमीसारखाच जातो, आणि त्यांना पंचवीसला न बोलावता सत्तावीसला बोलवावे. असे का, ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या पंथाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली आणि आज त्याचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळण्याचे आवाहन केले. पण तुमच्या प्रश्नात आणि शेजाऱ्यांच्या तोंडी तेच असल्याने मी इथे ते चालवून घेतो. चर्चचे सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी जगभर काम करतात. मुले दोन वर्षांसाठी जातात, मुली अठरा महिन्यांसाठी. कुठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते, पगार नसतो, आणि खर्च स्वतःच्या बचतीतून, घरच्यांकडून किंवा आपल्या मंडळीच्या मदतीतून भागवायचा असतो. मधे सुटी नाही. बहिणीचे लग्न निघाले तरी मुलगा सहसा घरी जात नाही, मग नाताळाची गोष्टच नको. म्हणजे प्रत्येक मुलाचे दोन नाताळ घराबाहेर जातात.

या मुलांना ‘एल्डर’ आणि आडनाव अशी हाक मारली जाते, मुलींना ‘सिस्टर’ आणि आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. अजून धड दाढी न फुटलेल्या मुलाला ज्येष्ठ म्हणताना माझ्या आईला फोनवर हसू आवरत नसे. विनोद बाजूला ठेवला, तरी दोन वर्षे कोणीही आपल्याला पहिल्या नावाने हाक मारत नाही, ही गोष्ट डिसेंबरात अधिक जाणवते एवढे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

दिनक्रम साधारण असा असतो: सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, आंघोळ आणि न्याहारी, आठ वाजता प्रत्येकाचा स्वतंत्र शास्त्राभ्यास, मग जोडीदाराबरोबर अभ्यास आणि त्या दिवसाची आखणी, दहाच्या सुमारास बाहेर पडणे, दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाला तासभर, रात्री नऊ-साडेनऊला परत, आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून स्थानिक परिस्थितीप्रमाणे यात फेरफार करण्याची मोकळीक मिशनच्या, म्हणजे मिशनऱ्यांच्या एकेका विभागाच्या, प्रमुखांना मिळाली आहे, पण सांगाडा तोच आहे. मिशनरी कधी एकटा नसतो. चर्चने नेमून दिलेला जोडीदार चोवीस तास नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असावा लागतो, आणि तो कोण असावा हेही वरूनच ठरते. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा दिवस म्हणून संध्याकाळी सहापर्यंत मोकळा असतो. त्यात कपडे धुणे, किराणा, केस कापणे, घरच्यांशी बोलणे आणि जमल्यास थोडे खेळणे हे सगळे बसवायचे असते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा दिनक्रम, विशेषतः सणासुदीत, निर्दय वाटतो. मलाही पहिल्या वर्षी वाटला होता. पण नंतर बारा वर्षांत जी मुले जवळून पाहिली त्यांच्यावरून माझे मत पालटले, कारण डिसेंबरात या मुलांना दमवते ती रिकामी वेळ. मिनीॲपोलिसला या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात अनोळखी दार वाजवलेले लोकांना रुचत नाही. ज्यांच्याकडे एरवी पाठ घ्यायला जायचे ते लोक प्रवासाला गेलेले असतात, किंवा त्यांच्याकडे पाहुणे आलेले असतात, किंवा ते ‘आता सण आटोपल्यावर, जानेवारीत बघू’ असे सांगून मोकळे होतात. आठवड्यात ठरलेल्या दहा भेटींपैकी सात रद्द झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. सप्टेंबरात ज्या मुलाला दिवस पुरत नाही, तोच डिसेंबरात गाडीत हीटर लावून ‘आता कोणाकडे जायचे’ म्हणून जोडीदाराच्या तोंडाकडे पाहत बसतो. गाडी मिशनची असते, महिन्याला किती मैल चालवायची याची मर्यादा ठरलेली असते आणि वेगावर नजर ठेवणारे यंत्र आत बसवलेले असते, त्यामुळे उगाच भटकण्याचीही सोय नाही.

म्हणूनच तुमच्या दाराशी फावडे घेऊन ती मुले उभी राहिली. बर्फ काढणे हे उत्तरेकडच्या मिशनऱ्यांचे डिसेंबरातले खरे काम म्हटले तरी चालेल. जुनी मुले नव्या मुलांना त्याची युक्ती शिकवतात: बर्फ पडत असतानाच दोनदा काढावा, थांबण्याची वाट पाहू नये, कारण रात्रभर दबून गोठला की फावडे त्यावरून नुसते घसरते, आणि गाडी ठेवण्याच्या वाटेच्या तोंडाशी पालिकेच्या यंत्राने लोटलेला जो कठीण ढीग असतो तो आधी फोडावा, कारण म्हाताऱ्या माणसांचे कंबरडे तिथेच मोडते. आमच्या वॉर्डातील एका जोडीच्या गाडीत मागच्या सीटवर दोन फावडी, मिठाची पिशवी आणि बायबल एकाच दुलईत गुंडाळून ठेवलेले असे. या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू नसतोच असे मी म्हणणार नाही. ओळख व्हावी ही इच्छा असतेच. पण अंगात ताकद असलेल्या, बोलायला कोणी न मिळालेल्या मुलाला अर्धा तास घाम गाळायला मिळणे हे त्याच्या स्वतःच्याही दृष्टीने औषध असते.

सणाचे म्हणून काही वेगळे कार्यक्रमही असतात. डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी सॉल्ट लेक सिटीहून चर्चच्या सर्वोच्च नेत्यांचा नाताळचा कार्यक्रम प्रसारित होतो आणि तो मिशनरी आवर्जून पाहतात. २०१७ पासून काही शहरांत लाल रंगाची दानयंत्रे बसवली जातात. थंड पेयांच्या यंत्रासारखी दिसणारी ही यंत्रे पैसे टाकल्यावर शीतपेय देत नाहीत, तर तुमच्या नावे कोणाला तरी कोंबड्यांची जोडी, शेळी किंवा लस पाठवतात. ती जिथे असतात तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची माहिती देत उभे राहणे हे मिशनऱ्यांना आवडणारे काम आहे, कारण तिथे लोक स्वतःहून बोलायला येतात. वृद्धाश्रमांत जाऊन नाताळची गाणी म्हणणे हे तिसरे. चारपैकी तीन एल्डर बेसूर असतात, पण श्रोत्यांची तक्रार मी कधी ऐकली नाही.

२५ डिसेंबरच्या आसपास एक दिवस मिशनचे प्रमुख आणि त्यांच्या पत्नी आपल्या भागातील मुलामुलींना एकत्र बोलावतात. तिथे जेवण असते, नकला आणि गाणी असतात, आणि घरून मिशनच्या कार्यालयात आलेली पार्सले वाटली जातात. एरवी चित्रपटांवर बंदी असलेल्या या मुलांना त्या दिवशी एखादा कौटुंबिक चित्रपट दाखवण्याची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते, आणि तो ती ज्या तन्मयतेने पाहतात ते पाहण्यासारखे असते. पार्सलांबाबत घरच्यांना माझे एकच सांगणे असे: हलके पाठवा. मुलाचा सगळा संसार दोन बॅगांत असतो आणि दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. लोकरी मोजे, खाऊ आणि हाताने लिहिलेली पत्रे पुरेत. वीजेच्या दिव्यांचे लहानसे झाडही काही आया पाठवतात. ते जानेवारीत पुढच्या जोडीसाठी कपाटात मागे राहते, आणि आमच्या इथल्या मिशनऱ्यांच्या फ्लॅटमध्ये अशी चार झाडे साठली होती.

प्रत्यक्ष पंचवीस तारखेला सकाळी मुले एकमेकांसमोर भेटी उघडतात, आणि इथे एक गंमत होते. दोघांच्या घरच्या रीती वेगळ्या असतात. एकाच्या घरी भेटी चोवीसच्या रात्री उघडतात, दुसऱ्याच्या घरी सकाळी आणि तेही वयाच्या क्रमाने. एका वर्षी आमच्याकडे एक मुलगा आयडाहोचा होता आणि दुसरा टोंगाचा, ज्याच्या घरी नाताळ भर उन्हाळ्यात येतो. आयडाहोच्या मुलाला आईने शिवलेले मोठे लोकरी मोजे खिडकीला टांगायचे होते, आणि टोंगाच्या मुलाला पहाटे उठून मोठ्याने भजने म्हणायची होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली तेव्हा वाद मिटला. रविवार असेल तर त्या दिवशी फक्त मुख्य उपासना होते, एरवी चर्चमध्ये नाताळाची वेगळी प्रार्थनासभा बहुधा नसते. जाता जाता, अनेक जुने सदस्य येशूचा जन्मदिवस परंपरेने ६ एप्रिल मानतात, तरी नाताळ सगळे पंचवीसलाच साजरा करतात. आणि जोसेफ स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबरचा, १८०५ सालचा, त्याची आठवणही याच आठवड्यात निघते.

आता फोनविषयी. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनऱ्यांना वर्षातून दोनदाच घरी बोलता येत असे, एकदा नाताळला आणि एकदा मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, फोन किंवा व्हिडिओवर बोलण्याची मुभा मिळाली, आणि नाताळच्या फोनचे एकेकाळचे वजन त्यामुळे उतरले. माझा पहिला नाताळ १९९९ चा. विनिपेगला सकाळचे आठ म्हणजे पुण्याला संध्याकाळचे साडेसात. आम्हाला चाळीस मिनिटे दिली होती, त्यातली पहिली दहा आमच्या घरी जमलेल्या शेजाऱ्यांनी खाल्ली. वडिलांना माझे हे सगळे मुळातच पसंत नव्हते. ते फोनवर आले, ‘तापमान किती?’ असे विचारले, ‘उणे सव्वीस’ ऐकल्यावर काही क्षण गप्प राहिले आणि फोन आईकडे दिला. आईने जेवलास का, स्वेटर घातलास का, आणि तुझ्या बरोबरच्या मुलाचीही आई फोनची वाट पाहत असेल तर त्याला आधी बोलू दे, असे तीन वाक्यांत आटोपते घेतले. उरलेला वेळ आम्ही दोघे बहुधा नुसते ऐकत होतो.

आजच्या आईवडिलांना मी हेच सांगत आलो आहे, की नाताळच्या दिवशी व्हिडिओवर मुलाला घरभर फिरवू नका. झाड, ताटे, चुलत भावंडांचा गोंधळ, कुत्रा, सगळे दाखवण्याचा मोह होतो; पण फोन बंद झाल्यावर तो दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटाच असतो, आणि जोडीदार तेव्हा स्वतःच्या घरच्यांशी बोलत असतो. पाऊण तास बोलावे, ते सकाळी बोलावे, आणि त्यानंतर त्याला कुठेतरी जायचे आहे अशी व्यवस्था आमच्यासारख्यांनी करून ठेवावी. नोव्हेंबरात घर सोडलेल्या मुलाला हे सर्वांत जड जाते, कारण त्याला अजून इथले कोणीच आपले झालेले नसते. दुसऱ्या नाताळाला आलेला मुलगा तुलनेने निश्चिंत असतो. त्याचे लक्ष परतल्यावर कॉलेजात जागा मिळेल का याकडे असते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. रात्रीच्या जेवणाचा तक्ता मी बारा वर्षे लावला आणि दरवर्षी त्यात एकच चित्र उमटे. चोवीस आणि पंचवीस या दोन दिवसांसाठी सहा-सात कुटुंबे नावे देत, आणि मुलांना कोणाचे मन मोडवत नसल्याने ती एका दिवसात तीन ठिकाणी टर्की आणि बटाटे खात. एका एल्डरने पंचवीसच्या रात्री माझ्याच न्हाणीघरात जे काही केले त्याचे वर्णन इथे करत नाही. आणि सव्वीसपासून दोन जानेवारीपर्यंत तक्ता कोरा. यजमान दमलेले असतात, फ्रिजमध्ये उरलेसुरले असते, कोणी माहेरी, कोणी फिरायला. पार्सलांतला खाऊ संपलेला, पुढचा फोन आठवड्यावर, भेटी अजून रद्दच, बर्फ मळकट झालेला. जी दोन-तीन मुले मिशन अर्धवट सोडून घरी गेलेली मी पाहिली, त्यांनी तो निर्णय पंचवीसला घेतला नव्हता, या मधल्या आठवड्यात घेतला होता. त्यांना दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. मीच तक्ता आधी भरून ठेवायला हवा होता, हे मला तिसऱ्या वर्षी सुचले.

एकतीस तारखेचीही अपेक्षा ठेवू नका. रस्त्यावर दारू पिऊन गाडी चालवणारे असतात म्हणून त्या रात्री मिशनऱ्यांना बहुतेक ठिकाणी लवकर घरी परतायला सांगतात आणि नेहमीप्रमाणे साडेदहाला झोपवतात. १९९९ संपून २००० सुरू होताना जगभरचे संगणक बंद पडणार म्हणून लोक जागत होते. माझ्या जोडीदाराने खबरदारी म्हणून न्हाणीचा टब पाण्याने भरून ठेवला आणि आम्ही दोघे झोपलो. सकाळी दिवा लागला, टबातल्या पाण्यात साबणाची वडी विरघळली होती, बाकी सर्व जिथल्या तिथे होते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, बाकी महिन्यांप्रमाणेच, दोन वेळचा उपवास असतो आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी दिले जातात, तेव्हा तोही दिवस जेवणाला टाळावा.

म्हणून सत्तावीस तारीख. संध्याकाळी साडेपाचला बोलवा, कारण त्यांना तासाभरात निघावे लागते. मुले येणार असतील तर घरात एखादा प्रौढ पुरुष असला पाहिजे, मुली येणार असतील तर प्रौढ स्त्री. तुम्ही एकट्याच घरी असाल तर ती मुले दारातूनच परत जातील आणि तो तुमचा अपमान नसून त्यांचा नियम आहे. चहा आणि कॉफी त्यांना चालत नाही, दारू आणि तंबाखू अर्थातच नाही, त्यामुळे रममध्ये मुरवलेला केकही नको. चहापूड न घातलेला गवती चहाचा काढा, हळदीचे दूध, कोकम सरबत चालते. मांसाहाराला हरकत नसते, पण माझ्या अनुभवात या मुलांना वरण-भात, तूप आणि बटाट्याची सुकी भाजी सर्वांत अधिक आवडते. पुरणपोळी त्यांना पहिल्यांदा गोड पराठा वाटते आणि दुसऱ्यांदा मागून घेतात. तिखटाचा बेत मात्र पहिल्या भेटीत करू नये, कारण ती मुले नाही म्हणणार नाहीत.

जेवण झाल्यावर ती एक छोटासा धार्मिक संदेश देऊ का असे विचारतील. ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही, त्यासाठीच ती इथे आली आहेत. तुम्हाला नको असेल तर ‘आम्ही आमच्या धर्मात समाधानी आहोत, तुम्ही जेवायला मात्र यावे’ असे सरळ सांगा. अशा उत्तराची त्यांना सवय असते आणि समजूतदार मुले पुन्हा विषय काढत नाहीत. आणि हवे तर उलट तुम्हीच त्यांना विचारा. या पंथाचा एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ सालीच मुंबईत उतरून पुढे पुण्यालाही आला होता, हे आजच्या अनेक एल्डरांना ठाऊक नसते, आणि तुमच्याकडून ते ऐकताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. त्याहून चांगला विषय म्हणजे त्यांचे घर. तुझ्या घरी या दिवसांत काय करतात, एवढा एक प्रश्न पुरतो, आणि शक्य झाल्यास त्यांचे पहिले नाव विचारून घ्या, हाक एल्डर म्हणूनच मारलीत तरी.

उरलेले जेवण डब्यात भरून द्या, अठ्ठावीसची दुपार त्यावर निघते. डबा तेवढा परत मिळाला नाही तरी चालेल असा निवडा, कारण पुढच्या बदल्यांत तो कोणाच्या तरी बॅगेतून मिनेसोटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. माझे स्टीलचे दोन डबे असेच गेले आहेत.